पश्चिमवाहिनी म्हणजे काय गं आई?

प्रिय मनू,

तुझा व्हॉइस मेसेज काल तीनदा ऐकला, मागे पाऊस पडतोय तोही ऐकू येत होता. तू विचारलंस की पूजेला आलेले गुरुजी म्हणाले उत्तरवाहिनी नदीत स्नान केलं की मोठं पुण्य, आणि आजोबा म्हणाले आपली वाशिष्ठी तर पश्चिमवाहिनी, मग आपली नदी कमी पवित्र आहे का, आणि वाहिनी म्हणजे मी मामीला वहिनी म्हणते तीच का.

आधी सोपं सांगते. वहिनी वेगळी आणि वाहिनी वेगळी, इथे वा लांब म्हणायचा. वाहणे वरून वाहिनी, म्हणजे वाहणारी किंवा वाहून नेणारी, म्हणून रक्तवाहिनी, जलवाहिनी, आणि टीव्हीच्या चॅनेललासुद्धा वाहिनीच म्हणतात. पुढे दिशा जोडली की नदी कुठे चाललीय ते कळतं. जिकडे जाते ती दिशा हं, वाऱ्याचं उलटं असतं, पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून आलेला.

आता पुण्याचं. गंगा एरवी पूर्वेकडे जाते पण काशीला वळून उत्तरेकडे वाहते, आणि उत्तरेला हिमालय, कैलास, म्हणून नदी जिथे उत्तरेला वळते ती जागा आपल्याकडे खास मानतात. गुरुजी बरोबरच बोलले. पण नर्मदा बघ ना, ती पश्चिमवाहिनी आहे आणि लोक तिची अख्खी परिक्रमा पायी करतात! गुजरातमध्ये तिलकवाड्याजवळ ती थोडी उत्तरेला वळते, तेवढ्या भागाची चैत्रात वेगळी परिक्रमा असते, पण म्हणून बाकीची नर्मदा कमी मानलेली मी तरी कधी ऐकली नाही. आपल्या वाशिष्ठीला कोणी कमी म्हटलं तर मला खरंच वाईट वाटेल, मी त्या पाण्यावर वाढलेय.

कोकणातल्या नद्या पश्चिमेला का जातात ते महाबळेश्वरला छान कळतं. तिथे कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री अशा पाच नद्या एकाच देवळात दाखवतात. त्यातली कृष्णा पूर्वेला निघते आणि जवळजवळ १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते, आणि सावित्री पश्चिमेला कडा उतरते, पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्रात, १०० किलोमीटरच्या आसपास सगळा प्रवास. सह्याद्री आपल्या बाजूला भिंतीसारखा तुटलेला आहे आणि समुद्र जवळ, म्हणून आपल्या नद्या आखूड आणि पावसात एकदम अंगावर येणाऱ्या. म्हणूनच आजी घाटावर जाणं म्हणजे वर जाणं म्हणते आणि बंदरावर जाणं म्हणजे खाली जाणं, तिला होकायंत्र लागत नाही, पाण्याचा उतार पुरतो.

आणि एक गंमत आजोबांना विचार, वाशिष्ठीत कोयनेचंही पाणी आहे! कोयना खरं तर कऱ्हाडला कृष्णेला मिळून पूर्वेला जाणारी, पण धरणाचं पाणी बोगद्यातून डोंगराच्या या बाजूला पोफळीला सोडतात, त्यावर वीज करतात आणि ते पाणी शेवटी वाशिष्ठीत येतं. म्हणजे पूर्वेला जायचं पाणी माणसांनी पश्चिमवाहिनी केलं.

पण आपल्या घरासमोर जी आहे ती खाडी, आणि तिथे पश्चिमवाहिनी हा शब्द अर्धाच खरा आहे. दाभोळच्या मुखातून भरती आत शिरते आणि पाणी पूर्वेला, चिपळूणच्या दिशेने चढायला लागतं, मग सुकती लागली की परत समुद्राकडे. दिवसातून दोनदा वर, दोनदा खाली. पूर्वी माल भरलेली गलबतं भरती धरून गोवळकोटपर्यंत जायची आणि सुकती धरून परत यायची. माझे आजोबा कुठे जायचं ठरलं की पहिलं विचारायचे, "पाणी काय म्हणतंय?" उत्तर कोणीही 'पश्चिमेला' असं देत नसे, 'चढतंय' नाहीतर 'उतरतंय', बास.

आत्ता पावसात वरून लोंढा जोरात असला तर पाणी उलटं फिरताना दिसणार नाही, नुसतं तुंबून वर येईल. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा वरून तुफान पाऊस आणि खालून भरती, पाण्याला जायला वाटच मिळत नव्हती. मी इथे फोन हातात धरून बसले होते आणि घरचा फोन लागत नव्हता, तो दिवस मी विसरणार नाही. म्हणून सांगते, अमावास्या पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा जेट्टीच्या खाली उतरायचं नाही, आजोबा म्हणतील तिथेच थांबायचं.

इथे लंडनला मी रोज थेम्स ओलांडते, ती पूर्ववाहिनी, आणि तिच्यातही भरती पार टेडिंग्टनपर्यंत चढते. ओहोटीला चिखल उघडा पडला की वास थेट आपल्या खाडीचा येतो.

आता एक काम कर. पाऊस आणि वारा कमी असेल तेव्हा आजोबांबरोबर जेट्टीवर जा आणि नांगरलेल्या होडीचं नाक कुठे आहे बघ, होडी पाण्याच्या येण्याकडे तोंड करून उभी राहते. ती फिरली की वेळ वहीत लिही. दुसऱ्या दिवशी परत बघ, साधारण पन्नास मिनिटं उशिरा फिरेल. किती वाजले ते मला कळव, मी पण पुलावरून इथलं लिहून ठेवते.

तुझी,
आई