लेकरू अठरा दिवसांचं, सारखं रडतंय; घरचे म्हणतात दूध पुरत नाही. वरचं दूध सुरू करू का?

ताई, लगेच डबा आणू नका. आधी तुम्ही पाजताना कुणा जाणत्या बाईला शेवटपर्यंत शेजारी बसवा.

मी बाळंतपणाला उदगीरजवळ माहेरी होते, ऐन वैशाखात. बोंडांना चिरा, छाती दगडासारखी, पाजायची वेळ आली की अंगावर काटा यायचा. हिला पान्हाच फुटला नाही, असं जो येईल तो म्हणायचा. हळीव, शेपू, बाजरीची भाकरी, सगळं खाऊन झालं. चौदाव्या दिवशी आशाताई वजन करायला आल्या आणि मी त्यांच्यापुढे रडले. काटा बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "पाज बरं माझ्यासमोर."

लेकरू नुसतं बोंड चोखत होतं. त्यांनी त्याचं पोट माझ्या पोटाला टेकवलं, आ मोठा होईपर्यंत थांबायला लावलं आणि मग जवळ ओढलं. हनुवटी छातीला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला. कळ तिथंच कमी झाली. चिरा भरायला मात्र आठवडा गेला.

लेकरू जितकं ओढतं तितकं दूध बनतं. वरचं पाजलं की ते कमी ओढतं, मग खरंच कमी पडायला लागतं. रडण्यावरून अंदाज बांधू नका. दिवसरात्रीत सहा-सात वेळा लंगोट ओला होतोय का आणि वजन वाढतंय का ते बघा. जन्माच्या वेळचं वजन अजून भरलं नसेल किंवा लेकरू सुस्त पडून राहत असेल, तर आजच बालरोगतज्ज्ञांकडे न्या. त्यांनी तपासून वरचं द्यायला सांगितलं तर जरूर द्या, त्यात आईचा काही दोष नसतो.

आमच्याकडं उन्हाळ्यात सगळे पाणी पाजायला सांगतात. सहा महिने एक थेंबही नको, अंगावरच्या दुधातच पुरेसं पाणी असतं. तांब्या तुमच्या उशाशी भरून ठेवा.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. तुमचा २१ वा दिवस तीन दिवसांवर आलाय, पण आत्ताच फोन करून बोलवा. त्या येतील तेव्हा आत्याबाईंनाही जवळ बसवा. माझ्या आत्याबाईंनी माझं ऐकलं नसतं, आशाताईंचं ऐकलं.

छातीत लाल, दुखरी गाठ होऊन ताप आला तर पाजणं थांबवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वजन किती भरलं ते कळवा, मी वाट बघते.