स्पीच थेरपिस्टला पगार किती मिळतो?

मुलगी बारावी सायन्सनंतर बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची पदवी, करायचं म्हणतेय आणि पुढे पगार किती मिळेल, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकला हेच काम करते, म्हणून इथलं सांगते.

कोर्स चार वर्षांचा, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. मुंबईत नायर हॉस्पिटल आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था, पुण्यात भारती विद्यापीठ इथे तो करता येतो. नंतर आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन करावंच लागतं.

नवीन मुलींना इथली खासगी सेंटर्स महिन्याला साधारण २० ते २५ हजार देतात. पण आकड्याआधी पैसे कोणत्या पद्धतीने देणार, ते विचारायला सांगा. बरीच सेंटर्स पगाराऐवजी सेशनच्या फीमधला वाटा देतात. पाऊण तासाचे ६०० घेतले, तर तुमचे ३००. दिवसाला सहा सेशन्स धरली की कागदावर हिशेब छान दिसतो. प्रत्यक्षात मूल आजारी पडतं, सहामाही येते, गणपतीत आणि मे महिन्यात लोक गावी जातात. सेशन नाही तर पैसेही नाहीत. रिपोर्ट लिहिणं, साहित्य तयार करणं, घरी काय करून घ्यायचं ते आईला समजावणं, यात रोजचा तासभर जातो. त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण मूल बोलू लागतं ते बरंचसं घरी होणाऱ्या सरावामुळेच.

म्हणून पहिली दोन-तीन वर्षं ठरलेल्या पगाराचीच नोकरी घ्यावी. मोठं हॉस्पिटल मिळालं तर फारच चांगलं. स्ट्रोकनंतर वाचा गेलेले, घास गिळता न येणारे पेशंट तिथे हाताखालून जातात. लहान सेंटरमध्ये बहुतेक उशिरा बोलणारी आणि ऑटिझम असलेली मुलंच येतात. जिल्हा रुग्णालयांच्या डीईआयसीमध्ये, म्हणजे लहान मुलांमधल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रांतही, जागा निघतात, पण त्या बहुतेक कंत्राटी.

स्वतःचं क्लिनिक काढलं की कमाई वाढते, मात्र बालरोगतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा डॉक्टरांनी पेशंट पाठवायला लागेपर्यंत धीर धरावा लागतो. भाडं तोवर चालूच असतं. शिकवायचं असेल तर पुढे मास्टर्स लागेल.

अॅडमिशनआधी मुलीला एखाद्या सेंटरमध्ये, पालकांची परवानगी घेऊन, दोन-चार सेशन्स बघू द्या. एकच आवाज महिनाभर न कंटाळता काढून घ्यायची तिची तयारी आहे का, ते तिचं तिलाच कळेल.