झिम्बाब्वेची शोना दगडी शिल्पं कशी बनवतात? ती काळी चकाकी रंगाची असते का?
रंग नसतो, हातोडी-छिन्नीने घडवलेला दगड घासून, तापवून त्यावर मेण चढवतात, चकाकी त्याची. दगड बहुतेक सर्पेंटाइन जातीचा. त्यातल्या गडद, कठीण स्प्रिंगस्टोन या प्रकाराला विशेष मान. कानशीनंतर पाणी टाकत पॉलिश पेपर मारायचा, आधी जाड, मग बारीक, शेवटचा ओरखडा जाईपर्यंत. खरी मेहनत इथेच. मग विस्तवाने किंवा ब्लोटॉर्चने दगड गरम केला की मेण वितळून पसरतं आणि मूळ रंग खुलतो. काही भाग मुद्दाम खडबडीत सोडतात (मला तेच आवडतात). मात्र ही परंपरा फार जुनी समजू नका: ग्रेट झिम्बाब्वे या जुन्या भग्न नगरातले दगडी पक्षी प्राचीन खरे, पण आजची शैली १९५७ साली हरारेत, म्हणजे तेव्हाच्या सॅलिसबरीत, उघडलेल्या नॅशनल गॅलरीचे संचालक फ्रँक मॅकइवेन यांच्या प्रोत्साहनाने फोफावली.