उत्परिवर्तन म्हणण्यापूर्वी

परळ, मुंबई

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली आकृती काल लोकलमध्ये चाळली आणि आज निवांत पाहिली. रक्तदात्याच्या प्रतिपिंडांत (अँटिबॉडींत) एकाच जागी वारंवार दिसणाऱ्या बदलाला तू उत्परिवर्तन, म्हणजे पेशीत नंतर घडलेला बदल, म्हटले आहेस, तेथे मी अडलो.

प्रतिपिंडाचे जनुक बी पेशींत, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींत, तुकडे जोडून घडते, हे सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवले आणि १९८७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. तेव्हापासून आपण ही विविधता पत्ते पिसण्यासारखी असल्याचे शिकवत आलो. पण पिसण्याआधीचा कॅटच प्रत्येकाचा वेगळा असतो, हे सांगायचे राहून जाते. चौदाव्या गुणसूत्रावर प्रतिपिंडातल्या मोठ्या, म्हणजे जड साखळीची जी जनुके आहेत, त्यांतले एखादे व्ही जनुक (जोडल्या जाणाऱ्या तुकड्यांपैकी एक) काहींत नसतेच, तर काहींत त्याच्या जादा प्रती असतात. आयजीएचव्ही१-६९ याच जनुकाचे पाहा: फ्लूच्या विषाणूवरील हीमॅग्लुटिनिन या प्रथिनाचा देठ पकडणारी कितीतरी प्रतिपिंडे त्यातून घडतात, मात्र ५४व्या स्थानी त्याच्या काही अलीलांत, म्हणजे वारशाने येणाऱ्या रूपांत, फेनिलअॅलनिन हे अमिनो आम्ल असते आणि काहींत ल्युसीन, आणि देठाच्या खाचेत नेमके बसते ते फेनिलअॅलनिन.

तुझी चूक मीही केलेली आहे. एका दात्यात असाच बदल सापडला म्हणून मी आठवडाभर खुशीत होतो. मग ज्यांची अद्याप कोणत्याही प्रतिजनाशी (प्रतिपिंड ज्याला पकडते त्या घटकाशी) गाठ पडलेली नव्हती, अशा बी पेशींच्या आयजीएम, म्हणजे सुरुवातीच्या प्रकारच्या प्रतिपिंडाच्या, साखळ्या तपासल्या, तर त्या जनुकाच्या सुमारे निम्म्या वाचनांत (क्रम वाचून मिळालेल्या तुकड्यांत) तोच बदल. ते उत्परिवर्तन नव्हते, आईकडून किंवा वडिलांकडून आलेले अलील होते.

जन्मजात क्रम तपासताना डीएनए कोठून घेतला, हेही नोंदव. एपस्टीन-बार विषाणूने अमर केलेल्या पेशीरेषा बी पेशींच्याच असतात. प्रतिपिंडाचे जनुक जोडताना त्यांतले मधले तुकडे गळालेले असतात आणि तो तोटा वारशातला वाटतो. शिवाय ही जनुके एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की आखूड वाचने भलत्याच जागी चिकटतात, तेव्हा लांब वाचनांचा खर्च टाळू नकोस. ज्ञात अलीलांच्या संदर्भसंग्रहात एखादे अलील नाही, एवढ्यावरून तर काहीच ठरवू नकोस. त्या संग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा अधिक आहे, आणि आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या जातीतच लग्ने झाल्याने एका समाजात सर्रास आढळणारे अलील शेजारच्या समाजात दुर्मीळ असू शकते.

सोमवारी येताना त्या दात्याच्या आयजीएम वाचनांची फाइल आण. आकृतीखालचा मजकूर तोवर कोणाला पाठवू नकोस.