सणाच्या दिवशी खा, पण डबा टेबलावर ठेवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काही महिने नेटाने गोड कमी केलंय, जेवणाच्या वेळा लावून घेतल्यात, आता सणासुदीचे दिवस तोंडावर आलेत. घरीदारी, ऑफिसात, पाहुण्यांकडे सगळीकडे गोडधोड आणि तळणीचं असणार. मग तोंडाला कुलूप लावायचं, की महिनाभर सगळं सोडून द्यायचं आणि नंतर नव्याने सुरुवात करायची?

मी म्हणेन, दोन्ही नको. या प्रश्नाशी माझं नातं दुहेरी आहे. आमच्या घरचं सणाचं गोड मीच करते, आणि रक्तातली साखर काठावर आल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यापासून खाते मात्र बेतानं. त्यामुळे कढईच्या अलीकडून आणि पलीकडून असं दोन्हीकडून सांगते.

आधी थोडा हिशोब मांडू. ४० ग्रॅमचा मिठाईचा एक तुकडा घ्या. त्यात समजा १५ ग्रॅम साखर, १० ग्रॅम तूप किंवा लोणी आणि उरलेलं पीठ किंवा दुधाचा भाग. साखरेच्या आणि पिठाच्या ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्धाच्या ग्रॅमला ९. म्हणजे एक तुकडा साधारण दोनशे कॅलरींचा. आता सणाच्या दिवशी तुम्ही हात सैल सोडून गरजेपेक्षा २,००० कॅलरी जास्त खाल्ल्यात असं धरा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे कागदावर पाव किलोच्या आसपास. पण उरलेला डबा टेबलावर राहिला आणि रोजच्या दोन चहांबरोबर एकेक तुकडा जात राहिला, तर वीस दिवसांत ८,००० कॅलरी. शरीर काही असं वहीतल्या आकड्यांनी काटेकोर चालत नाही, हे खरं. तरी मोठं खातं कुठलं ते यातून दिसतं. सण बिचारा एका दिवसात उरकतो, पैसे खातो तो डबा.

म्हणून माझं सगळं लक्ष सणाच्या दिवसापेक्षा त्याच्या मागच्यापुढच्या साध्या दिवसांवर असतं. सणाच्या दिवशी मी समोर बसून, ताटात वाढून घेऊन, चवीनं खाते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र नाश्ता नेहमीचा, जेवण नेहमीचं.

डब्याचं काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. आमच्याकडे केक उरला की सुरी त्याच्या शेजारीच पडलेली असते. येणारा-जाणारा बघतो, कड जरा तिरकी दिसते, तो ती सरळ करतो. निघालेली कातळी बोटभर रुंदीची असते, ती काय, तोंडात टाकायची. तासाभराने दुसऱ्याला ती कड पुन्हा तिरकी दिसते. संध्याकाळपर्यंत केक अर्धा होतो आणि घरात विचाराल तर केक कोणीच खाल्लेला नसतो. वाटीत वाढून घेतलेला तुकडा लक्षात राहतो, उभ्याउभ्या खाल्लेला राहत नाही. त्यामुळे माझा एकच कडक नियम आहे: गोड खायचं तर ताटलीत घेऊन आणि बसून. किती खायचं यावर बंधन घालत नाही, बसण्यामुळे ते आपोआप पडतं.

दुसरं, डबा अपारदर्शक हवा आणि वरच्या फळीवर हवा. खुर्ची घेऊन चढावं लागलं की निम्म्या वेळा माणूस चढत नाही. ज्या पदार्थांना गोठवलेलं चालतं ते मी सरळ फ्रीझरमध्ये टाकते. लोणी-साखरेची बहुतेक बिस्किटं आणि केक त्यात छान टिकतात. बाकीचं त्याच दिवशी वाटून टाकायचं. वाटताना एकच पथ्य: डायबेटिस असलेल्या शेजाऱ्याच्या गळ्यात आपला उरलेला साठा मारू नये.

कुलूप का नको, तेही सांगते. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांचा १९७५ सालचा एक प्रयोग मानसशास्त्रात गाजलेला आहे. काही जणींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग चव सांगण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम पुढे ठेवलं. एरवी मोकळेपणी खाणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, जे साहजिकच आहे. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्यांनी मात्र मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. नेम मोडलाच आहे तर आता होऊन जाऊ दे! ही वृत्ती तुम्ही-आम्ही सगळे ओळखतो. नेम जितका कडक, तितका तो पहिल्या घासाला मोडतो आणि पुढचं सगळं त्या मोडण्याच्या नावावर खपतं.

लहान मुलांचंही तेच. जेनिफर फिशर आणि लिॲन बर्च यांनी १९९९ मध्ये दाखवलं की एखादा खाऊ डोळ्यांसमोर ठेवून त्याला हात लावू दिला नाही, तर मुलांचं लक्ष त्याच्यावरच जास्त खिळतं. घरात मुलं असतील तर गोडाला बक्षीस आणि शिक्षा या दोन्हींपासून लांब ठेवा.

कुलुपाचं सभ्य रूप म्हणजे ‘रात्री पार्टी आहे म्हणून दिवसभर काही खात नाही’. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण रिकाम्या पोटी पाहुण्यांकडे गेलं की पहिली वीस मिनिटं हात आपल्या ताब्यात नसतात, आणि भूक लागलेल्याला आधी दिसतं ते तळलेलं. त्यापेक्षा दुपारी नीट जेवा आणि निघण्याआधी मूठभर शेंगदाणे, एखादं अंडं किंवा वाटीभर दही खाऊन निघा. तिथेही आधी भाज्या आणि प्रथिनांचे पदार्थ, मग भात-पाव वगैरे, शेवटी गोड असा क्रम ठेवला तर जेवणानंतर रक्तातली साखर कमी उसळते. सगळं एकदम किंवा गोड आधी खाल्लं तर जास्त.

महिनाभर सोडून देणं का नको? १९५ प्रौढांच्या वजनाचा एक अमेरिकी अभ्यास २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला होता. सुट्ट्यांच्या सुमारे दोन महिन्यांत सरासरी वाढ निघाली जेमतेम ३७० ग्रॅम. ज्यांना विचारलं त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण त्याच्या कितीतरी पट वाढलो. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. पण त्यातली मेख अशी की तेवढंसं वजनही पुढच्या महिन्यांत उतरलं नाही. दर वर्षी ३७० ग्रॅम आणि परतीचा रस्ता बंद, असं दहा वर्षं चाललं तर काय होईल ते तुम्हीच मांडा. ‘नंतर बघू’ मधलं ते नंतर बहुतेकांच्या आयुष्यात येतच नाही.

आता मोह आवरायच्या युक्त्यांबद्दल. लहान ताटली घ्या, असं सगळे सांगतात. घ्या, नुकसान काही नाही. पण त्या सल्ल्याला बळ देणारं बरंचसं संशोधन कॉर्नेल विद्यापीठाच्या ब्रायन वॉन्सिंक यांच्या प्रयोगशाळेतलं होतं. २०१८ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय गटाच्या नियतकालिकांनी त्यांचे सहा लेख मागे घेतले आणि विद्यापीठाच्या चौकशीत गैरवर्तन ठरलं. त्यामुळे ताटलीच्या आकारावर फार भिस्त ठेवू नका. त्यापेक्षा भरवशाची गोष्ट म्हणजे प्रकारांची संख्या. एकाच चवीचा पदार्थ खात गेलं की त्याची गोडी उतरते, पण नवी चव समोर आली की जीभ पुन्हा ताजी होते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रयोगांनी दाखवलं. पोट भरल्यावरही गोडासाठी जागा निघते ती यामुळेच. आठ प्रकार मांडलेल्या टेबलावर मी आधी एक फेरी रिकाम्या हातानं मारते, वर्षभर जे मिळत नाही असे दोन प्रकार ठरवते आणि तेच घेते. दुकानात बारा महिने मिळणारं बिस्किट सणाच्या दिवशी खाण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

करणाऱ्यांसाठी थोडं जास्त लिहिते, कारण याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. साखर कमी करायची असेल तर पदार्थ बघून करा. केक, खिरीसारखे दुधाचे पदार्थ, फळांचे गोड पदार्थ यांत पाव भाग साखर कमी केली तर खाणाऱ्याला सहसा कळतही नाही. ज्या मिठाया पाकावर उभ्या राहतात तिथे हा उद्योग करू नका. तिथे साखर निव्वळ गोडीसाठी नसते. पाकाची तार जमली नाही तर वडी बसत नाही. शिवाय साखर पाणी धरून ठेवते म्हणून जंतूंना वाढायला पाणी मिळत नाही, आणि त्यामुळे पदार्थ टिकतो. साखर कमी केलेली मिठाई लवकर खराब होते, मग ‘वाया जाईल’ म्हणून आपणच ती संपवतो! तिथे साखर तेवढीच ठेवून वडी निम्म्या आकाराची पाडावी. खाणारा एक वडी म्हणून एकच उचलतो, आकाराकडे बघत नाही.

तळताना तेल पुरेसं तापू द्या आणि कढईत गर्दी करू नका. तेल थंड पडलं की पदार्थ तेल पितो, मग तो हातालाही लागतो आणि पोटालाही. आणि करताकरता चव बघण्याचं प्रमाण! लहान चमचा ठेवा. मोठ्या चमच्याने बघितलेली चव म्हणजे एक वाढणीच असते.

मध, ब्राऊन शुगर किंवा फळांचा आटवलेला रस घातला म्हणून पदार्थ पथ्याचा होत नाही. जागतिक आरोग्य संघटना मध, सिरप आणि फळांचे रस मुक्त साखरेतच, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच खात्यात, धरते. २०१५ च्या त्यांच्या शिफारशीनुसार मुक्त साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगलं. २,००० कॅलरींच्या आहाराला ती अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. ‘शुगर-फ्री’ मिठाईत साखर नसली तरी तूप आणि मैदा जिथल्या तिथे असतो. त्यातल्या काही गोड पर्यायांनी, उदाहरणार्थ माल्टिटॉलने, जास्त खाल्लं की पोटात गुरगुर आणि जुलाबही होतात. पिण्यातून जाणारी साखर तर मोजलीच जात नाही. सरबतं आणि कोल्ड्रिंकं सोडलीत तर त्या जागी एक मिठाई निवांत बसते. मद्य घेत असाल तर त्याच्या दर ग्रॅमला ७ कॅलरी, सोबतचं चटकमटक वेगळं.

आग्रहाचं काय? ‘डाएट चालू आहे’ हे वाक्य कधी उच्चारू नका. ते ऐकलं की समोरच्याला आव्हान मिळतं आणि ‘एका तुकड्याने काय होतंय’ सुरू होतं. मी म्हणते, ‘मावशी, ही वडी झकास झालीये, आधी एवढी संपवू दे.’ आणि ताटलीत अर्धी वडी तशीच ठेवून गप्पा मारते. भरलेल्या ताटलीत कोणी वाढत नाही. ‘बांधून दे’ मात्र म्हणू नका, कारण तोच डबा मग तुमच्या टेबलावर येतो. ऑफिसात समोरच खोकं उघडं असेल तर ते पॅन्ट्रीत न्यायची जबाबदारी स्वतःहून घ्या, लोक दुवा देतील.

खाल्लेलं व्यायामाने फेडायच्या भानगडीत पडू नका. दोनशे कॅलरींच्या एका तुकड्यासाठी सत्तर किलोच्या माणसाला पाऊण तास तरी भरभर चालावं लागतं, हा सौदा तोट्याचा आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चालणं मात्र जरूर करा, त्याने जेवणानंतरची साखर खाली राहते. झोपही सांभाळा. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी गोडाची ओढ वाढते.

सणाच्या दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर चढू नका. यकृतात आणि स्नायूंत मिळून चारेकशे ते पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचा साखरेचा साठा, साठतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहतं. खारट खाण्याने आणखी पाणी अडतं. एका रात्रीत काटा किलो-दीड किलो वर गेलेला दिसतो तो मुख्यत्वे या पाण्याचा असतो. चार-पाच दिवस नेहमीचं जेवा आणि मग बघा. एचबीए१सी ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगते, त्यामुळे एका दिवसाच्या गोडाने ती फारशी हलत नाही. महिनाभराच्या डब्याने हलते.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र वरचं सगळं डॉक्टरांना विचारून करा. विशेषतः जेवण चुकवून औषध घेणं किंवा गोड खाल्लं म्हणून आपल्या मनाने डोस वाढवणं, या दोन्हींनी साखर एकदम घसरू शकते. सण सुरू व्हायच्या आधीच अपॉइंटमेंट घ्या, त्या आठवड्यात बरेच दवाखाने बंद असतात.