ऑटो-अपडेट बंद करू नका, त्याची वाटणी करा

प्रश्न थोडक्यात असा: स्वतःच्या सर्व्हरवर वर्डप्रेस (साइट चालवणारं सॉफ्टवेअर), वीसेक प्लगइन (त्याला जोडलेल्या जादा सोयी), सगळ्यांचं ऑटो-अपडेट, म्हणजे नवी आवृत्ती आपोआप बसणं, चालू. रात्री कधीतरी अपडेट झालं आणि साइटवर फक्त 'देखभाल चालू आहे, थोड्या वेळाने या' असा मजकूर दिसू लागला. तो गेल्यावर संपर्काचा फॉर्म मुका झाला, बटण दाबलं तरी काही होत नाही. तर ऑटो-अपडेट सरसकट बंद करून टाकावं का?

बंद करू नका. आधी ही दोन दुखणी बघू, मग काय आपोआप होऊ द्यायचं आणि काय हाताने करायचं याची वाटणी.

देखभालीचा मजकूर कुठून येतो? अपडेट सुरू होताना वर्डप्रेस साइटच्या मूळ फोल्डरमध्ये 'मेंटेनन्स' नावाची, टिंबाने सुरू होणारी एक फाइल बनवतं आणि काम संपलं की पुसतं. मधेच पीएचपी, म्हणजे वर्डप्रेसचा कोड चालवणारं सॉफ्टवेअर, मेलं (वेळमर्यादा संपली, मेमरी पुरली नाही, डिस्क भरली) तर फाइल तशीच राहते. टिंबाने सुरू होत असल्यामुळे ती लपलेली असते, म्हणून फाइल मॅनेजरमध्ये 'लपलेल्या फाइल दाखवा' चालू करून ती उडवा. फाइलच्या आत फक्त सुरुवातीची वेळ लिहिलेली असते आणि ती १० मिनिटांहून जुनी झाली की वर्डप्रेस स्वतःच तिच्याकडे दुर्लक्ष करतं. त्यामुळे मजकूर तासन्‌तास दिसत असेल तर आधी कॅशवर (पानांच्या साठवलेल्या प्रतींवर) किंवा सीडीएनवर (अशा प्रती ठिकठिकाणाहून वाटणाऱ्या सेवेवर) संशय घ्या. फाइल उडवून काम संपत नाही. अपडेट ज्या प्लगइनवर तुटलं त्याचा फोल्डर अर्धवट भरलेला असू शकतो, तेव्हा ते प्लगइन पुन्हा पूर्ण टाका. आणि डिस्कवर किती जागा उरली आहे तेही पाहून घ्या. अपडेटच्या वेळी झिप, उघडलेली नवी प्रत आणि जुनी प्रत, अशा तिन्ही गोष्टी काही क्षण एकत्र नांदत असतात.

आता मुका फॉर्म. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्कचा टॅब लावा आणि फॉर्म पाठवून बघा. जावास्क्रिप्टची एखादी फाइल ४०४ ('सापडलं नाही') देत असेल तर कॅशमधलं पान जुन्या फाइलचं नाव मागतंय, ती फाइल अपडेटमध्ये गेली. ४०३ ('परवानगी नाही') येत असेल तर बहुतेक वेळा नॉन्स, म्हणजे फॉर्मसोबत जाणारी मुदतीची खूण, शिळा झालेला असतो. वर्डप्रेसचा नॉन्स १२ ते २४ तास चालतो आणि पान त्याहून जास्त वेळ कॅशमध्ये पडून असेल तर फॉर्म नाकारला जाणारच; सुरक्षेचं प्लगइन आडवं आलं तरी ४०३ येतो. उत्तर २०० ('सगळं ठीक') आणि तरी मेल नाही, तर दोष बहुतेक मेल पाठवण्याच्या व्यवस्थेत, अपडेटचा संबंध कमीच. पहिल्या दोन्ही प्रकारांत आधी पानांची कॅश आणि एकत्र केलेल्या जावास्क्रिप्टची कॅश, दोन्ही पूर्ण रिकाम्या करा. पीएचपीच्या ओपकॅशमध्ये (तयार कोडच्या साठ्यात) फाइलची वेळ तपासणं बंद ठेवलेलं असेल तर पीएचपी-एफपीएम (सर्व्हरवर पीएचपी चालवणारी सेवा) रीलोड केल्याशिवाय नवा कोड चालू होईलच असं नाही, हेही लक्षात ठेवा.

आता वाटणी.

कोअरची (मूळ वर्डप्रेसची) छोटी आवृत्ती, म्हणजे तिसरा आकडा बदलतो ती, चालूच ठेवायची. ही सोय ३.७ पासून, २०१३ सालापासून आहे. तिची किंमत कळते २०१७ च्या प्रसंगातून. रेस्ट एपीआयमधलं (बाहेरच्या प्रोग्रामना साइटशी बोलण्याच्या वाटेतलं) भगदाड ४.७.२ ने २६ जानेवारीला बुजवलं गेलं, पण त्याची जाहीर वाच्यता मुद्दाम १ फेब्रुवारीपर्यंत लांबवली, तेवढ्यात साइट आपोआप अपडेट व्हाव्यात म्हणून. त्यानंतर ज्यांनी ऑटो-अपडेट बंद करून ठेवलं होतं त्यांच्या साइटवरचा मजकूर मोठ्या प्रमाणावर बदलला गेला.

मोठी आवृत्ती म्हणजे पहिल्या दोन आकड्यांपैकी एखादा बदलणारी. ६.५ वरून ६.६ हीसुद्धा मोठीच. पहिला आकडा तसाच आहे म्हणून किरकोळ समजू नका. ५.६ नंतर नव्याने टाकलेल्या साइटवर मोठ्या आवृत्त्यांचं ऑटो-अपडेट मुळातच चालू असतं, त्याआधीपासूनच्या साइटवर फक्त छोट्यांचं. प्लगइन बरीच असतील तर मोठी आवृत्ती हाताने करा, तीही तिची पहिली दुरुस्ती-आवृत्ती आल्यावर. त्यासाठी डब्ल्यूपी-कॉन्फिग या साइटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, 'इथून पुढे बदलू नका' अशा अर्थाच्या ओळीच्या वर, डब्ल्यूपी_ऑटो_अपडेट_कोर या कॉन्स्टंटला (सेटिंगच्या ठरलेल्या नावाला) 'मायनर' ही किंमत द्या. (इथे नावं देवनागरीत आहेत, फाइलमध्ये कॉन्स्टंट रोमन मोठ्या अक्षरांत आणि किंमत छोट्या अक्षरांत टाइप करा.) 'मायनर' अवतरणचिन्हांत हवं, ट्रू आणि फॉल्स मात्र अवतरणाशिवाय. अवतरणात फॉल्स लिहिलं तर कुठलाच नियम जुळत नाही आणि डॅशबोर्डमधली आधीची सेटिंग गुपचूप चालू राहते. ही चूक फार जण करतात आणि मग 'मी तर बंद केलं होतं' म्हणून डोकं धरून बसतात.

त्याच फाइलमध्ये ऑटोमॅटिक_अपडेटर_डिसेबल्ड नावाची ओळ सापडते का तेही पाहा. ही ओळ ट्रू असेल तर कोअर, प्लगइन, थीम, भाषांतरं, सगळंच थांबतं. जुने लेख वाचून कुणीतरी ती घालून ठेवते आणि विसरून जाते.

खरी डोकेदुखी प्लगइनची. ५.५ पासून प्रत्येक प्लगइनसमोर स्वतंत्र बटण आहे, त्याचा उपयोग करा. प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा: हे रात्री मोडलं तर सकाळपर्यंत काय नुकसान होईल, आणि यातलं भगदाड आठवडाभर उघडं राहिलं तर काय होईल? फॉर्म, फाइल अपलोड, लॉगिन, कॉमेंट, म्हणजे अनोळखी माणूस ज्यात काही टाइप करू शकतो ते सगळं आपोआप अपडेट होऊ द्या. मोडलं तर दुरुस्त करता येतं, घुसखोरी निस्तरणं त्याच्या दसपट कष्टाचं. दुकान, पेमेंट, सभासदत्व आणि पेज बिल्डर (पानांची मांडणी करून देणारं प्लगइन) यांचं बटण बंद ठेवा आणि तीन-चार दिवस थांबून हाताने करा. मात्र चेंजलॉगमध्ये (नव्या आवृत्तीतल्या बदलांच्या यादीत) सुरक्षेचा उल्लेख असेल तर त्याच दिवशी. थांबण्याला दुसरंही एक कारण आहे. जून २०२४ मध्ये वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातल्याच काही प्लगइनमध्ये, लेखकांच्या खात्यात शिरून, घातक कोड घुसवला गेला होता. ज्यांनी लगेच अपडेट केलं त्यांच्याकडे तोच पोचला.

पैसे देऊन घेतलेल्या प्लगइनचा परवाना संपला की बहुतेकांचं अपडेट येणं थांबतं. भांडारातून काढून टाकलेलं प्लगइनही तुमच्याकडे तसंच चालत राहतं, डॅशबोर्ड त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. महिन्यातून एकदा यादी घेऊन प्रत्येकाचं भांडारातलं पान उघडून बघा. निष्क्रिय ठेवलेली प्लगइन डिलीट करा. निष्क्रिय असली तरी त्यांच्या फाइल सर्व्हरवर असतात आणि काही फाइल थेट पत्त्याने उघडता येतात.

थीमच्या मूळ फाइलमध्ये हात घातला असेल तर पहिल्याच अपडेटला बदल पुसले जातील. आधी चाइल्ड थीम (मूळ थीमला हात न लावता तुमचे बदल वेगळे ठेवणारी थीम) करा, मग ऑटो-अपडेट लावा. भाषांतरं चालू राहू द्या, त्यांचा कुणाला त्रास नाही.

'६.६ पासून वर्डप्रेस स्वतःच मागे फिरतं ना?' फिरतं, पण ते नीट समजून घ्या. ऑटो-अपडेटनंतर सक्रिय प्लगइनमुळे पीएचपीची घातक चूक येते का, हे साइट स्वतःलाच एक विनंती पाठवून तपासते. चूक आली तर जुनी प्रत परत बसवते. मुका फॉर्म, विस्कटलेला मेनू, चुकीची बेरीज दाखवणारी कार्ट यांतलं काहीच तिला दिसत नाही. म्हणून बाहेरून लक्ष ठेवणारी सेवा लावा आणि तिला नुसता २०० बघायला सांगू नका. पानाच्या अगदी तळाचा एखादा शब्द शोधायला सांगा. पान मधेच तुटलं तरी २०० येऊ शकतो, तळाचा शब्द मात्र येत नाही. अपडेटनंतर फॉर्म एकदा स्वतः भरून पाठवा. आणि प्रशासकाचा ईमेल पत्ता जिवंत आहे ना, सर्व्हरवरून त्यावर मेल खरंच पोचतो ना, हे तपासा. अपडेट यशस्वी झालं की फसलं याचं पत्र तिथेच येतं आणि साइट कोसळली तर रिकव्हरी मोडची लिंकसुद्धा.

बॅकअप रोजच्या ठरल्या वेळेपेक्षा अपडेटच्या लगेच आधीचा हवा. डेटाबेस, डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डर आणि कॉन्फिग फाइल, तिन्हींची प्रत दुसऱ्या यंत्रावर. इथे एक बारकावा आहे. प्लगइन अपडेट होताना कधी डेटाबेसचे तक्तेही बदलतं आणि प्लगइनची जुनी आवृत्ती टाकल्याने ते पूर्ववत होत नाहीत. उलट अख्खा डेटाबेस मागे नेला तर मधल्या वेळात आलेल्या ऑर्डर आणि फॉर्ममधल्या नोंदी गेल्या. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी फक्त त्या प्लगइनच्या फाइल जुन्या आवृत्तीच्या टाका, डब्ल्यूपी-सीएलआयच्या (आज्ञा टाइप करून वर्डप्रेस चालवण्याच्या साधनाच्या) प्लगइन इन्स्टॉल आज्ञेला आवृत्तीचा आकडा आणि 'फोर्स' दिलं की एका ओळीत होतं. तेवढ्याने भागलं नाही तरच डेटाबेसला हात लावा, तोही मधल्या नोंदी वेगळ्या काढून ठेवल्यावर.

आता वेळ. वर्डप्रेस दिवसातून दोनदा अपडेट तपासतं, पण त्याचं क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी यंत्रणा) पाहुण्यांच्या भेटींवर चालतं. साइटवर वर्दळ नसेल किंवा सगळी पानं कॅशमधूनच जात असतील तर पीएचपी जागंच होत नाही आणि तपासणी लांबत जाते. म्हणून डिसेबल_डब्ल्यूपी_क्रॉन ट्रू करा आणि सर्व्हरच्या क्रॉनमधून दर १५ मिनिटांनी डब्ल्यूपी-सीएलआयने वेळ झालेली कामं चालवा. हे वेब सर्व्हरच्याच युजरने चालवा, रूटने (सर्व्हरच्या सर्वाधिकारी युजरने) अजिबात नको. रूटने टाकलेल्या फाइलचा मालक रूट होतो आणि पुढच्या वेळी डॅशबोर्डचं अपडेट परवानगीअभावी अडतं. हाताने करायच्या गटासाठी आठवड्यातला एक दिवस ठरवा, सकाळची अशी वेळ की पुढचे दोन तास तुम्ही जागेवर असाल. आधी ड्राय-रन (प्रत्यक्ष बदल न करता तालीम) करून काय काय बदलणार ते बघा, मग एकेक प्लगइन करा. दहा एकदम केली तर मोडलं कुणामुळे ते शोधण्यात दुपार जाते.

सगळं चालू असूनही अपडेट होतच नसेल तर टूल्समधलं साइट हेल्थ उघडा, कारण तिथे लिहिलेलं असतं. सहसा न सुचणारं कारण म्हणजे गिट, कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन. साइटच्या किंवा तिच्या वरच्या कुठल्याही फोल्डरमध्ये टिंब-गिट फोल्डर दिसला की वर्डप्रेस आपोआप अपडेट करणं थांबवतं, कारण कोडची जबाबदारी दुसरं कुणी घेतंय असं ते समजतं. दुसरं कारण, फाइलचा मालक एक आणि पीएचपी चालवणारा युजर दुसरा.

तुमच्या वीस प्लगइनची यादी आधी कागदावर काढा आणि प्रत्येकापुढे 'आपोआप', 'हाताने' किंवा 'डिलीट' लिहा. 'डिलीट'मध्ये चार-पाच तरी निघतील.