बेडूक पाणी पीत नाही, मग पाण्यातले कीटकनाशक त्याच्या शरीरात जाते कसे, आणि यकृत ते निकामी करत नाही का?

यकृत काम करते, पण काही विषांच्या बाबतीत त्या कामातूनच मूळ द्रव्यापेक्षा जहाल विष तयार होते. नेमका हाच मुद्दा आमच्या घरी वर्षानुवर्षे वादाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बेडकाच्या पोटाच्या खालच्या भागाची आणि मांड्यांच्या आतल्या बाजूची त्वचा पातळ असून तिच्याखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. ओल्या मातीला अंग टेकून तो बसला की तिथूनच पाणी आत शोषले जाते, आणि त्या पाण्याबरोबर त्यात मिसळलेली द्रव्येही जातात. त्यामुळे डबक्यात उतरणे तर सोडाच, फवारणीने भिजलेल्या जमिनीवर बसणेही त्याला महागात पडते. जर्मन संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात युरोपातील बेडकांच्या पिल्लांवर लेबलवर शिफारस केलेल्या मात्रेत औषधे फवारली होती, आणि एका बुरशीनाशकाने सगळी पिल्ले तासाभरात दगावली. बेडूकमाशांना तर पाण्याबाहेर पडण्याचीही सोय नसते.

सोलापूर जिल्ह्यात आमची डाळिंबाची बाग आहे आणि मी शहरात प्राणिशास्त्र शिकवत आलो आहे. एका मृगात थोरल्या बंधूंनी खोड भुंगेऱ्यासाठी गेरूत क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक कालवून झाडांच्या खोडांना लेप दिला आणि उरलेल्या लेपाची बादली व ब्रश ओढ्याच्या डबक्यात धुवायला लावले. गेरूचा तांबडा गाळ तळाशी बसला आणि वर दुधाळ पाणी पसरत गेले. पहिल्या पावसानंतर तिथे बेडूकमाशांची दाटी झाली होती. काठच्या दगडांवरचे शेवाळ खरवडणारे बेडूकमासे आधी जागच्या जागी गिरक्या घेऊ लागले, मग त्यांच्या शेपट्या एका बाजूला वाकून ताठरल्या, आणि संध्याकाळपर्यंत ते पोट वर करून काठाला लागले. दुसऱ्या दिवशी पाणी नितळ दिसल्यावर बंधू म्हणाले, "औषध उतरलं की रे, आणि देवानं यकृत कशाला दिलंय?"

त्यांना तेव्हा सांगितले तेच इथे सांगतो. क्लोरपायरीफॉस यकृतात गेले की तिथली विकरे (एन्झाइम) त्यातील गंधकाच्या जागी ऑक्सिजन बसवतात आणि त्यातून ऑक्सॉन बनतो. मज्जातंतूंचा संदेश थांबवणारे विकर हा ऑक्सॉन मूळ द्रव्यापेक्षा कितीतरी जास्त ताकदीने बंद पाडतो. स्नायूंना आकुंचनाचे संदेश मिळतच राहतात, म्हणून त्या शेपट्या ताठरल्या. पुढे शरीर ऑक्सॉनचेही तुकडे करून मूत्रावाटे बाहेर टाकते हे खरे, परंतु मात्रा मोठी असेल तर तेवढी सवड मिळत नाही. मॅलॅथिऑन या दुसऱ्या कीटकनाशकाचेही असेच होते. तांबे आणि कॅडमियम या धातूंचे मात्र तुकडे होत नाहीत. शरीर त्यांना प्रथिनांशी बांधून यकृतात व मूत्रपिंडात साठवते.

मात्रा थोडी असली म्हणून निश्चिंत होऊ नये. अमेरिकेत जीवशास्त्रज्ञ रिक रेलिया यांच्या २००८ च्या प्रयोगात मॅलॅथिऑनने बेडूकमासे थेट मेले नाहीत, पाण्यातले सूक्ष्म प्राणी मेले. त्यामुळे तरंगते शेवाळ माजले, पाणी गढूळले, तळाशी ऊन पोचेना आणि बेडूकमाशांचे खाद्य असलेले तळाचे शेवाळ खुंटले. त्यांची वाढ रेंगाळली आणि डबके आटण्याआधी बेडूक होणे अनेकांना साधले नाही. पावसाने आठवडेच्या आठवडे ओढ देणाऱ्या आमच्या भागात याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

प्रत्येक मेलेल्या बेडूकमाशाचे खापर औषधावर फोडता येणार नाही. आटत्या, तापल्या पाण्यात प्राणवायू कमी पडूनही ते मरतात. फवारणी बंद करा असेही माझे म्हणणे नाही, कारण बाग आमचीही आहे. परंतु पंप किंवा बादली धुतलेले पाणी ओढ्यात जाता कामा नये. ते पुन्हा पंपात घेऊन बागेतच फवारावे. आणि लेबलवर लिहिलेले काढणीपूर्वीचे दिवस मोजून "आता औषध उतरले" असे म्हणणाऱ्यांनी, आमच्या बंधूंसह, एवढे ध्यानात घ्यावे की ते दिवस फळ खाणाऱ्या माणसासाठी ठरवलेले आहेत, डबक्यातल्या जिवासाठी नाहीत.